टॅक्स कोड ९२५एल का झाला? पत्रातली प्रत्येक ओळ तपासून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला आलेलं जोडपं. नवऱ्याचा पगार वर्षाला ४२,००० पाउंड. त्याचा टॅक्स कोड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणारा आकडा, सुरुवातीपासून १२५७एल होता. मागच्या नोव्हेंबरात तो ११२२एल झाला, तेव्हा त्याने लक्ष दिलं नाही. जानेवारीत नोकरी बदलली. मार्चमध्ये एचएमआरसीचं, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याचं, पत्र आलं आणि एप्रिलच्या पगारापासून कोड ९२५एल. पगार तोच, हातात मात्र महिन्याला ३३ पाउंड कमी. नव्या कंपनीच्या एचआरने सांगितलं, ‘आम्ही यात काही करू शकत नाही.’ बायकोला एप्रिलअखेरीस एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम मिळालं. तिच्या पहिल्याच ८२० पाउंडांतून १६४ पाउंड कर गेला, पे-स्लिपवर कोड ०टी एम१. ‘आमची काही चूक झाली आहे का, की दंड लावलाय?’ असं विचारलं आहे.

दंड नाही. इंग्लंडमध्ये पगारपत्रकांचं काम करत मला वीस वर्षं झाली. या काळात भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी हा प्रश्न विचारला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एचआरचं उत्तर बरोबर आहे, पण त्यांनी कारण सांगायला हवं होतं. भारतात आपण जानेवारी-फेब्रुवारीत गुंतवणुकीचे पुरावे, घरभाड्याच्या पावत्या कंपनीला देतो आणि टीडीएस किती कापायचा ते कंपनी ठरवते. त्यामुळे कर जास्त कापला गेला की आपण आधी अकाउंट्सवाल्यांकडे जातो. ब्रिटनमध्ये हे उलटं आहे. तुमचं बँकेतलं व्याज, जुनी थकबाकी, बायकोची कमाई यांतलं कंपनीला काहीच माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. ते सगळं एचएमआरसी बघते, त्याची गोळाबेरीज एका आकड्यात आणि एका अक्षरात बसवते आणि तेवढंच कंपनीला कळवते. कंपनी तो कोड लावायला बांधील असते, स्वतःहून बदलू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पे ॲज यू अर्न (पगारातूनच कर कापण्याची पद्धत) सुरू झालं तेव्हापासून याचा गाभा हाच आहे. म्हणून कोड चुकला असेल तर तो एचएमआरसीकडेच दुरुस्त होतो.

आता आकडा. करमुक्त मर्यादा १२,५७० पाउंड, त्यातला शेवटचा अंक काढला की १२५७. एप्रिल २०२१ पासून ही मर्यादा हललेली नाही, त्याआधी दोन वर्षं १२५०एल हा कोड होता. एल म्हणजे नेहमीची वैयक्तिक सूट. ९२५एल म्हणजे वर्षाला साधारण ९,२५० पाउंडांवर कर नाही, त्यावरच्या कमाईवर आहे. (नेमकं सांगायचं तर पगाराच्या हिशेबात कोडच्या मागे ९ धरतात, म्हणजे ९,२५९. काटलेला अंक तुमच्या बाजूने भरून दिलेला असतो. काही पेन्सचा फरक दिसला तर तो यामुळे.) नॅशनल इन्शुरन्सचा (सरकारी पेन्शन वगैरेंसाठीच्या कपातीचा) या कोडशी संबंध नाही, तो वेगळ्या हिशेबाने जातो.

मार्चमधलं ते पत्र, ज्याला पी२ किंवा नोटीस ऑफ कोडिंग म्हणतात, त्यातल्या ओळी तुम्ही पाठवल्यात ते फार चांगलं केलंत. बहुतेक जण फक्त कोड पाठवतात आणि कारण विचारतात. कारण नेहमी त्या ओळींमध्येच असतं. तुमचं पत्र सांगतं:

वैयक्तिक सूट १२,५७०. वजा वैद्यकीय विमा १,३५०. वजा करपात्र व्याज ६२०. वजा आधीच्या वर्षी कमी भरलेला कर १,३५०. उरले ९,२५०.

यातली तिसरी वजाबाकी बघून लोकांच्या छातीत धस्स होतं, कारण वाटतं की १,३५० पाउंड देणं आहे. तसं नाही. तुमचं देणं २७० पाउंड आहे. ते वसूल करायला तुमची करमुक्त मर्यादा अशा रकमेने कमी केली जाते की तिच्यावर २० टक्क्यांनी बरोबर २७० कर बसावा: २७० भागिले ०.२०, म्हणजे १,३५०. तुम्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात असता तर त्याच २७० साठी ६७५ वजा झाले असते. पी२ मधल्या थकबाकीच्या ओळीला आपल्या दराने गुणून बघायची सवय लावा.

हे २७० आले कुठून? ओळी दोन आणि चार यांचा आकडा सारखा आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. आधीच्या कंपनीने कुटुंबासकट वैद्यकीय विमा दिला होता. तो फुकट वाटतो, पण कंपनी त्याची किंमत वर्षाअखेर पी११डी या फॉर्मवर कळवते आणि ती तुमचं उत्पन्न म्हणून धरली जाते. विमा सुरू झाला त्या पहिल्या वर्षी तुमच्या कोडमध्ये त्याचा मागमूस नव्हता, म्हणून १,३५० वरचा २० टक्के कर भरायचा राहिला. तो आता वसूल होतोय. दुसऱ्या वर्षापासून विमा चालू वर्षाच्या कोडमध्ये धरायला सुरुवात झाली, तोच नोव्हेंबरातला ११२२एल. म्हणजे एकाच गोष्टीसाठी दोनदा कापलेलं नाही. दोन वेगळ्या वर्षांचा कर एकाच पत्रात शेजारी-शेजारी आला आहे.

मात्र दुसरी ओळ चूक आहे. तुम्ही लिहिलंय की नव्या कंपनीत वैद्यकीय विमा नाही. जुना विमा नोकरी सोडली त्या दिवशी संपला. तरीही हा १,३५० चा आकडा या वर्षात तसाच पुढे ढकलला गेला आहे, कारण तो बंद झाल्याचं कुणी कळवलं नाही. वर्षभर हा कोड राहिला तर विनाकारण २७० पाउंड जातील. पुढे परत मिळतील, पण तोवर तुमचे पैसे तिकडे पडून राहतील.

व्याजाची ओळ खरी की खोटी हे तुम्हीच सांगू शकाल. बँका दरवर्षी व्याजाचे आकडे एचएमआरसीला परस्पर देतात. तुमच्या टप्प्यात पहिले १,००० पाउंड व्याज करमुक्त असतं (४० टक्केवाल्यांना ५००), म्हणजे ६२० ही ओळ सांगते की तुम्हाला १,६२० व्याज मिळेल असं गृहीत धरलं आहे. गृहीत कशावरून? मागच्या आकड्यावरून. घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे मध्यंतरी खर्च झाले असतील तर ही ओळ शिळी आहे. आयसा या करमुक्त बचत खात्यातलं व्याज यात येतच नाही. आणि बचत जर खरोखर दोघांची असेल तर ती बायकोच्या नावावर ठेवण्याचा विचार करा. तिची कमाई इतकी कमी आहे की तिला उरलेली वैयक्तिक सूट, त्यावर बचतीच्या व्याजासाठीचे ५,००० आणि पुन्हा १,००० अशी जागा आहे. मराठी घरांमध्ये सगळे पैसे नवऱ्याच्या खात्यात ठेवायची सवय इथे दरवर्षी नाहक पैसे घालवते, हे मी तळमळीने सांगतो.

दुरुस्ती कशी करायची? एचएमआरसीच्या ॲपवर किंवा पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये ‘चेक युअर इन्कम टॅक्स’ उघडा. तिथे पी२ मधल्याच ओळी दिसतात. विम्यावर जाऊन तो कोणत्या तारखेला संपला ते कळवा, व्याजाचा अंदाज बदलायचा असेल तर बदला. त्याच पानावर नोकऱ्यांची यादी बघा. जुनी नोकरी अजून चालू दिसतेय का? नोकरी बदलताना सगळ्यात जास्त गोंधळ इथूनच होतो: जुन्या कंपनीने शेवटची तारीख कळवलेली नसते, त्यामुळे तुम्हाला दोन नोकऱ्या आहेत असं दिसतं आणि नवीवर बीआर कोड लागतो, म्हणजे पहिल्या पाउंडापासून २० टक्के. ऑनलाइन जमत नसेल तर फोन करा. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पे-स्लिप आणि पी२ समोर ठेवा.

आता तुमच्या पत्नीचं. ०टी म्हणजे करमुक्त मर्यादा शून्य, एम१ म्हणजे प्रत्येक महिना स्वतंत्र, मागचं काही बघायचं नाही. हा कोड बहुधा एका कागदामुळे लागतो. नव्या नोकरीत जुना पी४५ (आधीची नोकरी सोडताना मिळणारा कागद) नसेल तर ‘स्टार्टर चेकलिस्ट’ भरून द्यायची असते. तिच्यात तीन विधानं असतात. ए: ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी. बी: आता ही एकच, पण ६ एप्रिलनंतर आधी दुसरी होती. सी: शिवाय आणखी नोकरी किंवा पेन्शन आहे. ए वर १२५७एल, बी वर १२५७एल पण एम१, सी वर बीआर. कागदच दिला नाही तर ०टी एम१. पत्नीने शाळेच्या पगार खात्याकडे चेकलिस्ट, ए वर खूण करून, भरून द्यावी. हे एकच काम असं आहे जे कंपनीकडेच करायचं असतं, आणि तेही एचएमआरसीचा कोड येण्याआधी. शिवाय ऑनलाइन खात्यातही तपासावं. साधा, म्हणजे साठत जाणारा कोड लागला की पुढच्या पगारात १६४ पाउंड आपोआप परत येतील, अर्ज लागत नाही.

एम१ बद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नेहमीचा कोड साठत जातो: दर महिन्याला एप्रिलपासूनची सगळी कमाई, सगळी सूट आणि सगळा भरलेला कर यांचा हिशेब नव्याने होतो. म्हणून चूक दुरुस्त झाली की मागचंही भरून निघतं. एम१ लागला की (आठवड्याचा पगार असेल तर डब्ल्यू१) ही स्मरणशक्ती बंद होते. कर जास्त जात असताना हे वाईट. पण वर्षाच्या मध्ये कोड कमी होतो तेव्हा तोच एम१ आधारही देतो. समजा जानेवारीत, म्हणजे दहाव्या महिन्यात, कोड एकदम खाली आला. साठत जाणाऱ्या हिशेबाने नऊ महिन्यांचा फरक एकाच पगारातून गेला असता. एम१ मुळे फक्त त्या महिन्याचा जातो, उरलेला नंतर. नवं कर-वर्ष लागलं, ६ एप्रिलला, की कंपनीने एम१ काढून टाकायचा असतो. मे महिन्यातही जुनाच एम१ दिसला आणि नवं पत्र आलेलं नसलं तर विचारा.

याच जोडीला तुम्ही विचारलेलं नाही पण तुमच्या हक्काचं आहे ते सांगतो: मॅरेज अलाउन्स. पत्नीची कमाई १२,५७० च्या आत, तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात. अशा वेळी ती आपल्या सुटीतले १,२६० पाउंड तुम्हाला देऊ शकते. तिचा कोड ११३१एन होईल, तरीही तिच्या पगारावर कर लागणार नाही. तुमचा वर्षाला २५२ पाउंड कर वाचेल आणि कोडच्या शेवटी एलच्या जागी एम येईल. हा एम आणि एम१ मधला एम वेगळे, गोंधळ करू नका. अर्ज तिने करायचा, gov.uk म्हणजे जीओव्ही डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर, फुकट. मागच्या चार वर्षांचंही मागता येतं. ती इथे होती, कमावत नव्हती आणि तुम्ही त्या त्या वर्षी २० टक्क्यांतच होतात, तर जवळपास हजार पाउंड तुमचे तिकडे पडले आहेत. फी घेऊन हे ‘करून देणाऱ्या’ कंपन्यांच्या नादी लागू नका, अर्ज दहा मिनिटांचा आहे.

आता दुसरी बाजू, जिची मला जास्त काळजी वाटते. कोड कमी झाला की माणूस लगेच धावतो. चुकून जास्त लागला की कुणी काही विचारत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतली एक परिचारिका रुग्णालयाच्या नोकरीबरोबर एका एजन्सीच्या पाळ्या करू लागली. एजन्सीच्या चेकलिस्टवर तिने घाईत ए वर खूण केली. दोन्हीकडे १२५७एल. एजन्सीकडच्या ७,२०० पाउंडांवर एक पेनी कर गेला नाही आणि ती आनंदात होती. कर-वर्ष संपल्यावर हिशेबाचं पत्र, पी८००, आलं: १,४४० पाउंड देणं. तीन हजारांच्या आतली अशी बाकी सहसा पुढच्या वर्षाच्या कोडमधून वसूल होते, म्हणून तिच्या सुटीतून ७,२०० वजा झाले आणि मुख्य नोकरीवर ५३७एल आला. महिन्याला १२० पाउंड कमी. त्याच वेळी एजन्सीवर बीआरही लागला, जो खरं तर बरोबर होता. तिला वाटलं आपल्यावर दोन्हीकडून अन्याय होतोय. पे-स्लिप, पी८०० आणि पी२ जेवणाच्या टेबलावर पसरून तासभर बसलो तेव्हा तिला पटलं की हा तिचाच मागचा कर आहे. तिने चेकलिस्टवर ए ऐवजी सी वर खूण केली असती तर ते वर्ष इतकं ओढाताणीचं गेलं नसतं. दोन नोकऱ्या असतील तर पूर्ण सूट एकाच ठिकाणी असली पाहिजे, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

बाकीची अक्षरं पटकन. डी० म्हणजे सगळ्यावर ४० टक्के, डी१ म्हणजे ४५, एनटी म्हणजे कर नाही. आकड्याआधी के आला तर वजाबाक्या सुटीपेक्षा मोठ्या झाल्या आहेत आणि उलट पगारातच भर घातली जाते. कंपनीची मोटार असलेल्यांना हा दिसतो. के कोडने एका पगारातून निम्म्यापेक्षा जास्त कर कापता येत नाही, हे संरक्षण कायम आहे. ग्लासगो-एडिनबराला राहायला गेलात आणि पत्ता बदलला की कोडच्या सुरुवातीला एस येतो आणि दर बदलतात (तिथे १९ पासून ४८ टक्क्यांपर्यंत सहा टप्पे आहेत). कार्डिफला सी येतो, दर सध्या इंग्लंडसारखेच. पगार बोनससकट १,००,००० च्या वर जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं: वरच्या प्रत्येक दोन पाउंडांमागे एक पाउंड सूट जाते, १,२५,१४० ला ती संपते. कोड तिथे अंदाजावर चालतो. बोनस मिळाला नाही तर लगेच अंदाज बदला.

भारतातल्या एफडींबद्दलही विचारलं आहे. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असताना इथे ते उत्पन्न धरलं जातं. भारत आणि ब्रिटन खात्यांची माहिती एकमेकांना देतात. ते वर सांगितलेल्या १,००० च्या मर्यादेत धरून बघा. त्याबाहेर जात असेल तर कोड बदलण्याची वाट न बघता सेल्फ असेसमेंटने, म्हणजे स्वतः विवरणपत्र भरून, कळवा. लपवलेलं नंतर सापडलं तर दंड आणि व्याज लागतं, तेव्हा तुम्ही आज विचारलेला ‘दंड’ शब्द खरा ठरेल.

‘तुमचा टॅक्स रिफंड तयार आहे, इथे दाबा’ असे संदेश आले तर दाबू नका. कोडमधली सुधारणा पगारातूनच येते, लिंकवरून नाही.

तुमचं गणित असं होईल. विमा काढला, व्याज आणि थकबाकी तशीच राहिली आणि मॅरेज अलाउन्स मिळाला: १२,५७० अधिक १,२६०, वजा ६२०, वजा १,३५०, म्हणजे ११,८६०. कोड ११८६एम. हा आठवडा-दोन आठवड्यांत कळवलंत आणि जूनच्या पगाराआधी कंपनीला पोचला, तर जूनमध्ये मेपेक्षा सुमारे १३० पाउंड जास्त येतील (तीन महिन्यांचा फरक एकदम) आणि जुलैपासून मेपेक्षा महिन्याला सुमारे ४३ जास्त. जूनच्या पे-स्लिपवर आधी कोड बघा, मग त्याच्या मागे एम१ लागलाय का ते बघा. लागला असेल तर १३० येणार नाहीत, त्या वेळी पत्र घेऊन पुन्हा विचारा.